धोंडजीचा दरवाजा

आधीच सांगते, आमच्या घराण्यात कोणी फितूर झालेला नाही. मांडवकरांच्या घरात दारुडे झाले, एक जण बायकोला टाकून मुंबईला गेला तो गेलाच, माझे सासरे तर एका बांधापायी सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलले नाहीत. हे सगळं मला कबूल आहे. पण गडाचं दार उघडून शत्रूला आत घेणारा धोंडजी आमचा नाही. धोंडजी सिनेमातला आहे. आणि सिनेमात धोंडजी झाले ते आमचे हे, राजाराम मांडवकर, माझे यजमान. ते आत्ता पडवीत बसून सुपारी कातरतायत आणि मी काय सांगतेय तिकडे एक कान ठेवून आहेत.

आमचं गाव धामणवाडी. देवरूखहून एसटीने वर चढत यायचं आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं. गावाच्या डोक्यावर धामणगड आहे. गड म्हणजे दोन बुरूज, पाण्याचं टाकं, जाखमातेचं ठाणं आणि ठाण्याला लागून मागच्या अंगाचा चोरदरवाजा. त्या गडावर पूर्वी काय घडलं म्हणाल तर कोणालाच धड माहीत नाही. मोठ्या लढाया वर देशावर झाल्या, आमच्या गडावर बहुतेक गवत वाढलं. माझं लग्न व्हायच्या आधी मुंबईची एक सिनेमा कंपनी इथे आली. त्यांना 'शेवटचा पहारा' नावाचा लढाईचा सिनेमा काढायचा होता. गोष्ट देशावरच्या कुठल्याशा गडाची, पण तो गड म्हणे फारच पडलेला होता, आणि आमच्या गडाच्या पायथ्यापर्यंत जीप जायची. आमचा गड घेतला तो एवढ्याचसाठी.

गावातले सगळे बापये सैन्यात गेले. बायांनी सैन्याच्या भाकऱ्या भाजल्या. चोरदरवाज्याला तेव्हा दार नव्हतंच, नुसतं भगदाड होतं. कंपनीच्या सुतारांनी नवं दार केलं, आमच्याच परसातला फणस तोडून. माझ्या सासूबाई त्या फणसासाठी रडल्या होत्या, बरका फणस होता म्हणे, मधासारखा.

धोंडजीच्या कामाला मुंबईहून नट आणला होता. तो चोरदरवाज्याच्या बोळात शिरला, आणि पहिलंच वटवाघूळ तोंडावरून गेल्याबरोबर जो गड उतरला तो थेट जीपमध्ये जाऊन बसला. काही केल्या वर यायला तयार होईना. ऊन चाललं होतं. डायरेक्टरने समोर उभ्या असलेल्या पोरांवरून नजर फिरवली आणि ह्यांना पुढे बोलावलं, उंची जमली आणि नाक जमलं म्हणून. काम काय, तर मशाल घेऊन यायचं, मागे बघायचं, अडसर काढायचा, दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. ह्यांनी ते केलं. डायरेक्टर 'कट' म्हणाला, सगळे जेवायला गेले, आणि ह्यांचं जन्माचं वाटोळं झालं.

तो सिनेमा मी लग्नाआधी बघितला, देवरूखच्या तंबूत, वडिलांबरोबर. धोंडजीने दार उघडलं तसे माझे वडील उभे राहिले आणि पडद्याकडे हात करून ओरडले, "मेल्या, मुडदा बशिवला तुझा! खाल्ल्या घरचे वासे मोजतोस!" मागच्यांनी धरून खाली बसवलं. पुढे काही महिन्यांनी मला बघायला म्हणून धामणवाडीचं स्थळ आलं. पोह्यांची बशी पुढे करता करता वडील थबकले आणि म्हणाले, "तुम्हाला कुठेतरी बघितलंय." हे पडले भोळे. म्हणाले, "शेवटचा पहारा." वडिलांनी बशी मागे घेतली. खरंच मागे घेतली. आई आतून म्हणाली, "अहो, तो सिनेमा होता!" तर वडील म्हणाले, "सिनेमा असला म्हणून काय झालं, उघडलं तर यानेच ना!" तरी लग्न झालं, कारण मला नाक आवडलं होतं.

तेव्हापासून गावात हे धोंडजी, मी धोंडजीची बायको आणि आमचं घर ते धोंडजीचं घर. आधी ती गंमत होती. हाक मारणाराही हसायचा आणि ओ देणाराही. मग सिनेमा बघितलेली बहुतेक माणसं एकेक करून गेली. सिनेमाही नाहीसा झाला, कुठे लागेना की टीव्हीवर येईना. मागे राहिलं ते फक्त घराचं नाव. आणि आमच्याकडे घराला नाव पडतं ते कुठल्यातरी पणज्या-खापरपणज्यावरून. मुंबईला वाढलेल्या पोरांनी दोन अधिक दोन केले आणि ठरवून टाकलं की मांडवकरांचा धोंडजी नावाचा कोणी पूर्वज होता आणि त्याने गड विकला.

त्या पोरांचा पुढारी प्रमोद. खालच्या आळीतल्या दमयंतीवहिनींचा मुलगा, मुंबईला ऑफिसात आहे. वाईट नाही हो मुलगा. सुट्टीच्या दिवशी पोरं घेऊन येतो, गडावरचं रान तोडतो, टाकं साफ करतो. पण डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. दिवाळीनंतर त्याच्या मंडळाने गडावर फलक लावला. मी गुडघे धरत वर गेले आणि वाचला. 'साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या याच मूळ दरवाज्यातून फितूर धोंडजी मांडवकर याने शत्रूस आत घेतले.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूळ दरवाजा! आमच्या परसातला फणस तो!

एक वेळ फलक मी गिळला असता. पण मग शिमगा आला.

शिमग्याला जाखमातेची पालखी गडावर जाते. पुढे निशाण असतं, उंच काठीला बांधलेलं भगवं कापड. ते धरून पहिला गडावर चढायचा मान एकेका घराला पाळीने मिळतो. घरं बरीच, त्यामुळे पाळी येते ती जन्मात एकदा, फार तर दोनदा. मागच्या पाळीला निशाण माझ्या सासऱ्यांनी नेलं होतं, आणि हे तेव्हा एवढेसे होते, निशाणाच्या कापडाचं टोक धरून मागून धावत गेले होते. ते अजून सांगतात. यंदा पाळी आमची होती. पुढची येईल तेव्हा हे नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तोंडाने काही बोलत नव्हते, पण माघातच नातीकडून, तेजलकडून, देवरूखच्या बाजारातून नवं धोतर आणि टोपी आणवली होती. ती घडी रोज ट्रंकेतून काढायचे, बघायचे आणि परत ठेवायचे.

आणि देवळातल्या बैठकीत प्रमोद उठून म्हणतो, "काका, काकी, राग मानू नका. यंदा निशाण पुढच्या घराला द्यावं असं मंडळाला वाटतं."

"का?" मी विचारलं. बैठकीत बायांनी बोलायचं नसतं असं कोणीतरी पुटपुटलं, त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

"बाहेरून माणसं येतात आता. व्हिडिओ काढतात. गडाशी बेइमानी केलेल्या घराचं निशाण गडावर सगळ्यात पुढे, हे बरं दिसत नाही."

"अरे बाबा, तो सिनेमा होता! हे सिनेमात होते!"

"तेच म्हणतो मी." प्रमोद अगदी शांतपणे बोलत होता, मला राग आला तो त्याचाच. "सिनेमा इतिहासावरून काढलेला. डायरेक्टर गावातल्या जुन्या माणसांकडून माहिती घेऊन गेले होते. आणि गावात एवढी माणसं असताना धोंडजीचं काम तुमच्याच घरात का दिलं? घराण्यातलं म्हणूनच ना?"

"नाक बघून दिलं!" मी म्हटलं.

सगळे हसले. म्हणजे, सगळं गाव मला हसलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे खाली मान घालून चटईची काडी मोडत बसलेले. मग मी रघूभावोजींकडे बघितलं. ते ह्यांचे लहानपणापासूनचे सोबती, देवीपुढे गावचं गाऱ्हाणं तेच घालतात, सिनेमातही होते. म्हटलं, भावोजी, तुम्ही तरी सांगा. तर ते डोकं खाजवत म्हणाले, "आता एवढा खर्च करून खोटं कशाला दाखवतील, वहिनी? असेल काहीतरी." शिरा पडो तोंडाला! पन्नास वर्षं माझ्या पडवीत चहा पितोय हा माणूस.

वाट काढली तेजलने. ती देवरूखच्या कॉलेजात शिकते. दारातूनच म्हणाली, "मग सिनेमाच बघू ना सगळे. आमच्या विनीत सरांना जुन्या सिनेमांचं वेड आहे. मुंबईतल्या कोणा शौकिनाकडून त्यांनी 'शेवटचा पहारा' मिळवलाय."

प्रमोदला ते पटलं. म्हणाला, "चालेल. सिनेमात काय आहे ते सगळ्यांसमोर येऊ दे. बघून झाल्यावर गाव ठरवेल निशाण कोणाचं ते."

ते ठरलं मात्र, आणि गावात जो उठला तो सिनेमा सांगायला लागला. रघूभावोजी म्हणाले, सरदार पांढऱ्या घोड्यावर बसून बुरुजावरून खाली उडी मारतो, सबंध उडी दाखवलीय. शेजारची सखू म्हणाली, शेवटी धोंडजीचा कडेलोट होतो, आणि खाली कातळावर रक्त पडलेलं तिने डोळ्यांनी बघितलंय.

"अगो, कडेलोट झाला असता तर माझं लग्न कोणाशी झालं?" मी म्हटलं. "हे जेवायला खाली आले होते त्या दिवशी."

"ते मला माहीत नाही," सखू म्हणाली. "मी रक्त बघितलं."

मला स्वतःला एकच आठवत होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. दार उघडल्यावर धोंडजी हसतो. त्या हसण्यावरच तर माझे वडील उठून उभे राहिले होते. मी ते पोटात ठेवलं होतं, पण एका दुपारी ह्यांनीच विषय काढला. सुपारी हातात तशीच, अडकित्ता मिटलेला.

"सुनंदा, मी हसलो होतो काय गो?"

"कधी?"

"दार उघडल्यावर. डायरेक्टरने सांगितलं होतं हस म्हणून. चांगला दात काढून हस म्हणाला होता. मी हसलो की नाही ते मला काही केल्या आठवत नाही."

"अहो, हसलात तरी काय? सांगितलं म्हणून हसलात."

"तसं नाही," हे म्हणाले. "निशाण देवीचं आहे. ठाण्याच्या पुढ्यात उभा राहून मी हसलो असेन, तर मला निशाण नको. गावाने दिलं तरी नको."

मी आत जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच. मला तो सिनेमा येऊच नये असं वाटायला लागलं होतं. प्रमोदशी मी भांडले असते, गावाशी भांडले असते. पण ह्यांच्याशी कशी भांडू?

सिनेमा दाखवला तो देवळाच्या पटांगणात, दिवेलागणीनंतर. भिंतीला पांढरी चादर ताणली होती. मुंबईची माणसं शिमग्याला यायला लागली होती, त्यामुळे गर्दी चांगली होती. विनीत सर म्हणजे चष्मेवाला तरुण मुलगा. सुरुवातीला उभा राहून सांगायला लागला की सिनेमाची गोष्ट रचलेली आहे, पागोटी चुकीची आहेत, तोफा त्या काळातल्या नाहीत. कोणी ऐकलं नाही. पोरं ओरडली, "सर, लावा!"

लावला. आणि पहिल्या पाच मिनिटांत रघूभावोजींचा घोडा गेला. घोडा तांबडा निघाला, पायथ्याशी एकदा उभा दिसला आणि एकदा त्याचे नुसते पाय दाखवले. उडी नाही की काही नाही.

"पांढरा होता!" भावोजी मोठ्याने म्हणाले. "बदललाय ह्यांनी!"

मग स्वतः भावोजीच आले, मावळा होऊन, बाण लागून पडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने शत्रूचं सैन्य चढायला लागलं, त्यातही भावोजी, दाढी लावून, आणि पुन्हा पडले. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. गावात बापये होते मोजके. सकाळी कंपनीने त्यांना मावळे केलं आणि दुपारी तेच दाढी लावून शत्रू. ज्याला विचाराल तो म्हणायचा, मी मावळा होतो. शत्रू झाल्याचं एकालाही आठवत नव्हतं. आता चादरीवर एकेक आजोबा, एकेक चुलता दाढी लावून येत होता आणि अंधारात नावं घेतली जात होती, "तो बघ, आपला बाबल्या!" "अगो, नाना ना ते?" हसू आवरेना कोणाला.

मग शत्रू गाव लुटतो. देऊळ फोडतो. एक दाढीवाला धिप्पाड शिपाई देवीच्या पेटीवर कुऱ्हाड घालतो, आणि कुऱ्हाड उचलली तसं त्याच्या मनगटावर काहीतरी चमकलं.

"घड्याळ!" विनीत सर म्हणाले. "बघा, शिपायाच्या हातात घड्याळ राहिलंय."

आणि पुढच्या रांगेतून दमयंतीवहिनींचा आवाज आला, "अगो बाई, हे तर आमचे मामंजी!"

ते घड्याळ गावात सगळ्यांना ठाऊक. प्रमोदच्या आजोबांनी गिरणीत असताना घेतलेलं, रुंद सोनेरी पट्ट्याचं. आंघोळीलाही काढत नसत. कंपनीच्या माणसाने काढा म्हटलं असणार आणि त्यांनी मुळीच ऐकलं नसणार. तेच घड्याळ आज प्रमोदच्या हातात असतं, चालत नाही तरी असतं. मी बघितलं, प्रमोदने डावा हात हळूच मांडीखाली घेतला.

त्यानंतर तो चोरदरवाजा आला.

बोळ दिसला, मशालीचा उजेड दिसला आणि त्या उजेडात हे. तेजलने माझा दंड धरला. किती कोवळे होते हो! मिसरूड नुकतं फुटलेलं, मान बारीक, आणि ते नाक. हे माझ्या शेजारीच बसले होते, पण मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांना बघवत असेल की नाही कोण जाणे. पडद्यावर ह्यांनी मागे वळून बघितलं. अडसर काढला, भिंतीला टेकून ठेवला. आता दार उघडणार, आता हसणार, म्हणून मी पदर तोंडात धरला.

दार उघडायच्या आधी हे खाली वाकले. उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

कोणी सांगितलं असणार त्यांना ते? कोणी नाही. जाखमातेच्या ठाण्यापाशी आमच्या गावचं पोर उंबऱ्याला हात लावल्याशिवाय पाऊल टाकत नाही, हात आपसूक जातो. फितूर असा नमस्कार करत नाही. डायरेक्टरने कापला कसा नाही, देव जाणे. मग ह्यांनी दार ओढलं, बाजूला झाले, आणि तोंड उजेडात आलं. हसणं कुठलं? खालचा ओठ थरथरत होता. घरातली घागर फोडलेल्या पोरासारखं तोंड होतं ते. माझे वडील कोणत्या हसण्यावर उठले होते, आणि मी जन्मभर कोणतं हसणं पोटात ठेवलं होतं, माझं मला कळेना.

उघडल्या दारातून शत्रू आत घुसला. आणि सगळ्यात पुढे कोण, तर घड्याळ!

मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले, माझ्या वडिलांची मुलगी मी. म्हटलं, "सर, थांबवा ते जरा." चित्र थांबलं, प्रमोदचे आजोबा दारात एक पाय टाकून थांबले. "प्रमोद, बाळा, उभा राहा. हे काम ह्यांना दिलं ते घराण्यातलं म्हणून, असं तू म्हणालास ना? मग आता मला सांग, तुझे आजोबा देवीच्या पेटीवर कुऱ्हाड घालतात आणि आमच्या ह्यांनी उघडलेल्या दारातून पहिले आत शिरतात, ते पण घराण्यातलं म्हणूनच का? आणि रघूभावोजी दोन्हीकडून मेले, त्यांचं घराणं कुठलं धरायचं?"

एवढा हशा पिकला की देवळामागची कुत्री भुंकायला लागली. दमयंतीवहिनी डोळे पुसत हसत होत्या. प्रमोद उभा होता, तांबडालाल. मग तोही हसला. म्हणाला, "काकी, बसा. पुरा बघू द्या मला, आजोबा पुढे काय काय करतात ते."

आजोबा पुढे दोन वेळा मेले. कडेलोट कोणाचाच झाला नाही. सखू म्हणाली, तिचा सिनेमा वेगळा होता.

सिनेमा संपल्यावर प्रमोद ह्यांच्यापाशी आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काका, निशाण तुमचंच. माझं चुकलं. फलकही बदलतो." हे वळून मलाच म्हणाले, "नमस्कार केला होता होय मी?" घरी येईपर्यंत तीनदा तेच विचारलं. प्रत्येक वेळी मी म्हटलं, हो, केला होता. मला रडू येत होतं, आणि ते अंधारात दिसत नव्हतं तेवढं बरं होतं.

फलकावरचं धोंडजीचं नाव दुसऱ्या दिवशी रंगाने गेलं. 'मूळ दरवाजा' मात्र तसाच आहे. ते मी अजून प्रमोदला सांगितलेलं नाही. एका वेळी एकच.

त्या आठवड्यात आमच्या घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी खोबरेल तेलाची बाटली. मग कुदळ. हे आणि तेजल सकाळी कुठेसे जायचे आणि मातीने भरलेले परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करून आलो. शिमग्याच्या सकाळी गाय अंगणात येऊन माझ्या फुलझाडांना तोंड लावून उभी. बघते तर गोठ्याच्या दाराचा अडसरच नाही! मी आरडाओरडा केला, पण ढोल वाजायला लागले होते आणि नवं धोतर नेसून हे निघाले होते. मग म्हटलं, जाऊ दे, खाऊ दे फुलं.

निशाण घेऊन हे गडावर चढले. मध्ये दोनदा थांबले, दोन्ही वेळा प्रमोद हात द्यायला पुढे झाला आणि दोन्ही वेळा ह्यांनी मान हलवली. मी मागून पालखीबरोबर होते. कापड वाऱ्यावर फडफडत होतं. मला ते टोक धरून धावणारं एवढंसं पोर दिसत होतं, जे मी कधी बघितलेलंच नाही. ठाण्यापुढे निशाण टेकलं आणि रघूभावोजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा जाखमाते म्हाराजा! आज राजाराम मांडवकराच्या हातून जी काय सेवा झाली, ती गोड मानून घे गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

गाऱ्हाणं संपलं नव्हतं, आणि ह्यांनी निशाण तेजलच्या हातात दिलं. पोरीच्या हातात निशाण म्हणून कोणी कुजबुजलं, पण प्रमोदने वळून बघितल्यावर ते थांबलं. हे चोरदरवाज्याकडे गेले. ते दार सिनेमावाल्यांनी उघडलं तसंच इतकी वर्षं उघडं होतं. बिजागरी गंजलेली, बुडाशी पावसाची माती साचून घट्ट बसलेली, कोणाला हलत नसे. आता बुडाशी माती नव्हती, खणून काढली होती. बिजागरीवर माझं खोबरेल तेल चमकत होतं. आणि भिंतीला टेकून उभा होता आमच्या गोठ्याचा अडसर.

हे वाकले. उंबऱ्याला हात लावला, कपाळाला नेला. मग दोन्ही हातांनी दार ढकललं. ते कुरकुरलं, अडलं, परत ढकललं तसं सरकत गेलं आणि लागलं. अडसर उचलून त्यांनी खाचेत बसवला, नीट बसलाय ना ते हलवून बघितलं. सगळा गाव बघत होता. ढोलवाले थांबले होते.

हे आमच्याकडे वळले. धाप लागली होती.

"त्या दिवशी कट म्हणाले आणि सगळे जेवायला गेले," हे म्हणाले. "दार लाव म्हणून मला कोणी सांगितलंच नाही."

मग रघूभावोजींना, सवयीने की कशाने, तेवढंच सुचलं.

"व्हय म्हाराजा!" ते म्हणाले, आणि सगळा गाव म्हणाला. मी पण म्हणाले.